पिंजाऱ्याची झोप

भर मे महिन्यात गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसणाऱ्या माणसाला तुम्ही वेडा म्हणाल की ढोंगी?

मी ढोंगी म्हणत असे. दारव्ह्याच्या बाजारात गफूरचाचांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं. दोन्ही मनगटांवर घड्याळं, दोन्ही बंद. "एक माहं, एक गिऱ्हाइकाचं. भांडण नको." पिंजणाला ते बेगम म्हणत आणि रोज सकाळी तिची तब्येत विचारत. खेड्याकडची जीप थांबली की खुंटीवरचा मफलर गळ्यात यायचा. गिऱ्हाईक गेलं की परत खुंटीवर. हे मी स्वतः पाहिलं होतं. खोटा दिसेल त्या माणसाविरुद्ध पत्रक काढायचं माझं वय. चाचा मला "पांपलेट" म्हणत.

सगळ्यात मोठं सोंग झोपेचं. गादी भरून झाली की आधी ते स्वतः तिच्यावर आडवे होत. झोप लागली तर मजुरी घ्यायची, नाही लागली तर गादी फुकट. व्यापारी समोर असला की पाठ टेकताच घोरत. लेकीच्या लग्नाची गादी न्यायला कुणी शेतकरी आला की मात्र टक्क जागे. "नाही जमली. घेऊन जा बापा, मले शरम वाटून राह्यली."

त्या वर्षांत कापूस घरोघर होता, भाव तेवढा कुणाच्या घरी येत नव्हता. मिळेल त्या भावात कापूस निघून जाई आणि लेकीला घरच्या कापसाची गादी द्यायची आमच्याकडची रीत अडून बसे.

"चाचा, हे नाटक कायले?" मी एकदा विचारलंच.

"शयान्यानं मजुरी सोडली का लोक उपकार म्हणते. येड्यानं सोडली का हसते. हसलेला माणूस मान वर करून घरी जाते."

त्यानंतर मी पत्रकाचा विचार सोडला.

मग शेषराव आले. लेकीचं लग्न चार दिवसांवर, हातात कापसाचं लहानसं बोचकं. माणूस असा ताठ की चाचांचा चहासुद्धा उभ्यानंच प्याला. दुसऱ्या दिवशी गादी न्यायला आले तेव्हा ती टम्म फुगलेली.

"चाचा, आमचा कापूस एवढा होता काय?"

"पिंजला का फुगते. तुम्ही शेती करा, हे माह्यावर सोडा," म्हणत चाचा गादीवर आडवे झाले. डोळे मिटले. आता उठतील, मग उठतील, म्हणून आम्ही पाहत राहिलो. चाचा घोरायला लागले.

शेषरावांनी खांदा हलवला. "लागली झोप. मजुरी घ्या."

"जागाच होतो."

"घोरत होते तुम्ही."

"जागेपणी घोरतो मी. या पांपलेटले इचारा."

मी काही बोलणार, तेवढ्यात दुकानातल्या पडद्याच्या फटीतून मागची खाट दिसली. चाचीसाठी हौसेनं भरलेली नवी गादी तिच्यावर असायची. चाची त्या गादीवर पाठ टेकायच्या आधीच गेली होती. चाचा खाली सतरंजीवर झोपत; त्या गादीवर कुणाला बसूही देत नसत. आज खाट उघडी होती आणि गादीची रिकामी खोळ दोरीवर वाळत होती.

शेषरावही तिकडे वळणार, तोच चाचांनी मफलर सोडून पडद्याच्या फटीवर टाकला आणि हात पुढे केला. "लागली बा झोप. द्या मजुरी."

मजुरी देऊन, गादी डोक्यावर घेऊन शेषराव जीपकडे निघाले. मान ताठच.

"लय दिवसांनी लागली," चाचा पिंजणाला म्हणाले, की मला, कळलं नाही.

शेषरावांचं नाव मी बदललं आहे. तुमच्याकडे मागणी एवढीच. दारव्ह्याला गेलात आणि मफलरवाला म्हातारा नव्या गादीवर पडलेला दिसला, तर त्याला खुशाल वेडा म्हणा, त्याच्यासमोर हसा. फक्त निघताना उशीभर कापूस तिथं विसरून या, आणि मागायला परत जाऊ नका.