विषय: वरून हवा येत नसल्याबाबत

माझ्या धाकट्या बहिणीचं मूत्राशय रोज पहाटे चादरीवर अर्ज लिहितं. अक्षर सुवाच्य, रंग पिवळसर, डावीकडे समास सोडलेला. पहिला अर्ज आला तेव्हा तेजल दुसरीत होती.

'महोदय, नाकामागचा रस्ता बंद आहे. मुलगी तोंडाने श्वास घेते, घोरते, झोपेत मध्येच श्वास अडतो. त्या धांदलीत पाणी धरून ठेवण्याचा मेंदूचा हुकूम खालपर्यंत पोहोचत नाही. सबब पाणी सोडत आहे. वरचा रस्ता मोकळा करून द्यावा, ही विनंती. आपले, मूत्राशय.'

इतकं सरळ लिहिलेलं. घरात चार मोठी माणसं, चौघंही शिकलेली.

आई चादर धुवायला निघाली तर आजीने तिच्या हातातून ती ओढून घेतली आणि पुढच्या ग्रिलवर तशीच टांगली. म्हणजे पोरगी लाजेल आणि सवय सुटेल. मग हे रोजचंच झालं. गल्लीतले लोक कामावर जाताना थांबून अर्ज वाचायचे.

"अक्षर काय सुरेख आहे गं!" समोरच्या सुलभाकाकू म्हणायच्या. "आमच्याकडे नुसते कोंबडीचे पाय."

तेजल मान खाली घालून रिक्षात बसायची.

मग प्रकरण अण्णांनी हातात घेतलं. अण्णा म्हणजे आमचे आजोबा, छत्तीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस. त्यांनी चादरीच्या कोपऱ्यात आवक क्रमांक टाकला, तारीख घातली, शेरा मारला: 'संबंधितांकडे अभिप्रायासाठी.' आणि चादर तेजलच्या नाकासमोर धरली.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"तक्रार नाकाविरुद्ध आहे. नाकाचं म्हणणं ऐकून घ्यायला नको? एकतर्फी कारवाई करतात का, रे?"

"नाक बंद आहे, अण्णा. तेच तर लिहिलंय."

"मग तसं नाकाने लेखी द्यावं."

नाकाने काही दिलं नाही. पंधरा दिवसांनी अण्णांनी त्याला स्मरणपत्र दाखवलं, मग दुसरं. कपाट चादरींनी भरलं. वर्गात मुली तेजलच्या बाकावर बसेनात. बाई म्हणाल्या, पोरगी तासाला डुलक्या घेते, मठ्ठ आहे. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अण्णा बघतायत ना," आणि पेपरचं पान उलटलं. आमच्या बाबांनी आयुष्यभर हेच केलंय.

शेवटी मीच एक चादर पिशवीत घातली आणि तेजलला जिल्ह्याच्या गावी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी आधी अर्ज वाचला, मग तिचा घसा बघितला, नाकाचा फोटो काढायला लावला.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "नाकामागची गाठ वाढलीय. रस्ता जवळजवळ बंदच. सोमवारी काढू. त्यानंतर बऱ्याच मुलांचे अर्ज थांबतात. वडिलांची सही तेवढी आणा."

घरी येऊन मी कागद पुढे ठेवला तेव्हा बाबांनी पेन उघडलं आणि अण्णांकडे पाहिलं.

"प्रकरण चालू असताना परस्पर बाहेर नेलंस?" अण्णा मला म्हणाले. "कॉलेज अर्धवट टाकून आलेल्यांनी आम्हाला कार्यपद्धती शिकवू नये."

"कॉलेज सुटलं, अण्णा. वाचता येतं मला अजून."

"उलट बोलू नकोस," बाबा म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

रविवारी पहाटे चादरीवर तीनच ओळी होत्या. 'एकाही अर्जाचे उत्तर मिळालेले नाही. यापुढे कळवणार नाही. हवेची स्थिती पूर्वीप्रमाणेच.'

सोमवारी चादर कोरडी होती.

अण्णांनी 'निकाली' असा शेरा मारला. बाबा म्हणाले, "बघ. धीर धरावा लागतो." डॉक्टरबाईंचा फोन आला तो आईने घेतला आणि हळूच म्हणाली, "आता गरज नाही, असं म्हणतायत घरी." आजीने पेढे आणवले आणि अख्खा पेढा तेजलच्या तोंडात कोंबला.

तोंड भरलं की तेजलचा श्वास बंद होतो. तिचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले. ती भराभर चावायला लागली. सगळे हसले. "हळू खा गं, कोणी पळवत नाही!"

मी मनात आकडे मोजत होतो. एकोणीसला तिने गिळलं आणि तोंड उघडलं.

"आवडला वाटतं," अण्णा म्हणाले. "आणखी एक द्या तिला."