अस्सल खोटी खिडकी

डब्लिनमधल्या एका बागेसमोर केहो कुटुंबाचं अडीचशे वर्षांचं लाल विटांचं घर आहे आणि त्या घरात फिन्टन केहो हा म्हातारा आहे. त्यांपैकी घर वारसा म्हणून संरक्षित आहे.

मांडीचं हाड मोडल्यापासून फिन्टनला जिना बंद झाला, म्हणून त्याची खाट खाली आणली. पण खालच्या खोलीची एकुलती एक खिडकी, खिडक्यांवर कर होता त्या काळात, कुणा काटकसरी मालकाने विटांनी बुजवून टाकली होती.

"बागेतल्या चेस्टनटचा बहर एकदा बघायचाय गं," फिन्टन म्हणाला. त्याच्या बायकोने, ब्रीडाने, खिडकी उघडण्यासाठी रीतसर अर्ज केला.

वारसा अधिकारी टियर्नी आले. त्यांनी ब्रीडाच्या हातच्या सोडा ब्रेडचे तीन तुकडे उडवले आणि भिंतीवरून हात फिरवताना त्यांना गहिवरून आलं.

"केहोबाई, या विटा ऐतिहासिक आहेत."

"अहो, पण त्यांच्याआधी इथे खिडकीच होती ना!"

"होती. पण तिचं नसणं दोनशे वर्षं टिकलंय. आमच्या यादीत नोंद आहे ती नसण्याची. आता बसवाल ती खिडकी नवी, म्हणजे खोटी."

"आणि ही भिंत?"

"ही अस्सल खोटी खिडकी."

"मग माझ्या नवऱ्याने बघायचं कशातून? तुमच्या यादीतून?"

टियर्नी काही दगडाच्या काळजाचे नव्हते. महिन्याभरात पत्र आलं : 'दर्शनी भागाचा तोल राखण्यासाठी खिडकी मंजूर.' ब्रीडाने तेवढंच वाचलं. फिन्टनने दाढी केली, टाय लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

रंगारी आला. त्याने बाहेरून विटांवर पांढरी चौकट, बारा काचा आणि काचांत आभाळ रंगवलं.

"उघडली का गं?" फिन्टन आतून विचारत राहिला. ब्रीडाला रडू फुटलं.

तपासणीत शेरा पडला : 'खिडकी निर्जीव वाटते.' मग फिन्टनचा फोटो मागवून बागेकडे बघणारा एक प्रसन्न म्हातारा काचेमागे रंगवला गेला. खिडकीला बक्षीस मिळालं. येणारेजाणारे हात करू लागले.

"ब्रीडा, कसला गं गलका?"

"लोक तुला हात करतायत."

"मग माझ्या वतीने तू तरी कर. बरं दिसत नाही."

तेव्हापासून ब्रीडा दारात उभी राहून हात हलवते. परवा तुम्हीही तिथे थांबला होतात. 'काय नशीबवान म्हातारा, रोज ही बाग बघतो!' म्हणालात, आणि फोटोत मध्ये येते म्हणून त्या बाईला जरा बाजूला व्हायला सांगितलंत.