पाण्याखालचं कोण बघतंय?

"लिहून ठेवा! खुराड्यातली शेवटची कोंबडी कुठे बघत्येय, तेसुद्धा दिसेल माझ्या जहाजात!"

एब्बेने हे भर किराणा दुकानात सांगितलं आणि ज्या साखरेसाठी आला होता ती न घेताच घरी गेला.

एब्बे म्हणजे आमच्या डॅनिश बेटावरचा आचारी. हॉटेलातला नव्हे, शिडाच्या जहाजावरचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने 'कारोलिने' जहाजावर वाटाण्याचं सूप ढवळण्यात घालवली. वादळात जहाज आडवं व्हायचं, पण याचं पातेलं उभंच! असं तो सांगतो. तेव्हाचे खलाशी सांगतात की पातेलंही आडवंच असायचं, पण सूप इतकं घट्ट की सांडायचं नाही.

आता बंदरावर एक बाक आहे. त्यावर म्हातारे कप्तान बसतात, सुकाणूवाले बसतात, शिडं चढवणारेही बसतात. आचारी मात्र बसत नाही. आचाऱ्याने शेजारच्या, जहाजाचे दोर बांधायच्या खुंटाला टेकून उभं राहायचं. असा काही नियम नाही, पण एब्बे कधी बसायला गेला की सगळे जरा ऐसपैस होतात आणि बाक भरतो.

आमच्या चर्चमध्ये छताला लाकडी जहाज टांगलेलं असतं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वेदीकडे करून. समुद्रावर गेलेली माणसं धड परत यावीत म्हणून. जुनं जहाज भुंग्यांनी पोखरलं होतं. एका बारशात त्याची डोलकाठी सुटली ती थेट बाळाच्या पवित्र पाण्यात! बाळ हसलं, आजी आडवी झाली, आणि नवं जहाज करायचं ठरलं.

गावसभेत सगळ्यांनी थॉर्किलकडे पाहिलं. 'कारोलिने'चा हा जुना कप्तान. पण त्याचे हात हल्ली कापतात, आणि तो ते कबूल करत नाही. तो छताकडे बघत बसला. तेवढ्यात मागून हात वर आला.

"मी करतो," एब्बे म्हणाला.

"तू?" कप्तान गर्रकन वळला. "आचारी जहाज बांधणार? मग मी काय, हेरिंग मासे खारवत बसू?"

"बसा की, कप्तानसाहेब. मीठ बेताने घाला."

सभा हसली. कप्तान लाल झाला. "ठीक आहे! ज्या रविवारी टांगशील त्या रविवारी मी माझ्या नेहमीच्या जागेवरून बघेन. एक दोरी जरी चुकीची बांधलेली सापडली, तर जन्मभर खुंटाला टेकायचं."

"आणि नाही सापडली तर?"

कप्तानने बाकीच्या बाकवाल्यांकडे पाहिलं. "तर बाकावर बस."

झालं! एब्बेने जेवणाचं टेबल अडवलं, ते दोन हिवाळे सोडलं नाही. त्याची बायको गुड्रुन ताटली मांडीवर घेऊन जेवायला शिकली. घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या. लेसचा दोरा गेला, त्याच्या शिडाच्या दोऱ्या झाल्या. शिवणाचं अंगुस्तान गेलं.

"एब्बे, माझं अंगुस्तान कुठंय?"

"भटारखान्यात."

"आपल्या?"

"जहाजाच्या! त्यात सूप आहे. हात नको लावू, वाटाणे ओले आहेत."

त्याने खरोखरच वाटाणे रंगवले होते. एकेक, खसखशीएवढा. ब्रश म्हणून गुड्रुनच्या भुवईचा एक केस होता. तो तिला न विचारताच उपटल्यामुळे त्या दिवशी घरात सूपही मिळालं नाही. चुलीत तांबडा निखारा, खुंटीवर चमचे, खुराड्यात कोंबड्या, आणि दारात पांढरा अ‍ॅप्रन बांधलेला आचारी. आचाऱ्याला मिशासुद्धा!

शनिवार उजाडला. उद्या जहाज चढवायचं, आणि पोटाला रंगच नाही!

"आता कधी वाळणार हा?" गुड्रुनने विचारलं.

"एक हात फिरवला की पुरे. जहाजाचं पोट पाण्यात असतं, गुड्रुन. पाण्याखालचं कोण बघतंय?"

चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसालाच सुचेल असं हे बोलणं! त्याने घाईघाईत लाल रंग फासला आणि जहाज कणीक मळायच्या लाकडी परातीत ठेवायला निघाला.

"थांब! माझी परात रंगवशील!" म्हणत गुड्रुनने हाताला लागेल ते वर्तमानपत्र परातीत अंथरलं.

सकाळी चर्चचा घंटावाला गाडा घेऊन आला. दोघांनी डोलकाठ्यांना बांधलेल्या दोरांनी जहाज अलगद उचललं. थोडा कागद टरकला, बाकीचा परातीत राहिला. "वाकडं करू नकोस!" एब्बे ओरडत होता. "सूप सांडेल! कोंबड्या घसरतील!" त्यामुळे जहाज वाकडं करून खाली कुणी पाहिलंच नाही.

चर्च खच्चून भरलं. आमच्याकडे जुन्या रीतीने पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे बसतात. मान म्हणून एब्बेला वेदीजवळ खुर्ची दिली होती, लोकांकडे तोंड करून. तिथून त्याला दिसत होती फक्त जहाजाची नाळ. ती मात्र देखणी होती.

पाद्रीबाबांनी जहाजासाठी प्रार्थना म्हटली, घंटावाल्याने ते छताला चढवलं, आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. त्या वरच राहिल्या! तोंडं उघडी पडली. एब्बेची छाती फुगली. 'कोंबड्या पाहिल्या वाटतं,' तो मनात म्हणाला.

कप्तान थॉर्किल पहिल्या बाकावर होता. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मग खांदे गदगदायला लागले. त्याने रुमाल काढून डोळे पुसले.

'रडतोय!' एब्बेला भरून आलं. 'भटारखाना बघून जुने दिवस आठवले बिचाऱ्याला.'

बायकांच्या बाजूने गुड्रुन खुणा करत होती. आधी बोट वर. मग तेच बोट हवेत वेटोळं फिरवलं. पुन्हा वर, पुन्हा वेटोळं.

'दोरांची वेटोळी म्हणत्येय!' एब्बेने नम्रपणे मान लववली. गुड्रुनने कपाळावर हात मारला.

"बंधुभगिनींनो," पाद्रीबाबा गहिवरले, "इतके डोळे एकाच वेळी आकाशाकडे लागलेले मी कधी पाहिले नव्हते!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, ते खोकल्यात दडवलं, आणि बघता बघता अख्ख्या चर्चला खोकल्याची साथ आली.

उपासना संपताच एब्बे धावत कप्तानकडे आला. "काय साहेब? भटारखाना दिसला?"

"नाही."

"कोंबड्या?"

"नाही रे."

"मग दिसलं काय?"

"डुक्कर."

"माझ्या जहाजावर डुक्कर नाही!" एब्बे ताडकन म्हणाला. "खारवलेलं मांस आहे, तेही पिंपात, झाकण लावून!"

"जरा इकडे माझ्या जागी उभा राहा बघू."

एब्बे उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं. टांगलेल्या जहाजाचं खालून जे दिसायचं तेच दिसलं. पोट! लालभडक पोटाला खाटकाची नाताळची जाहिरात चिकटली होती, पानभर. एक डुक्कर डोक्यावर आचाऱ्याची पांढरी टोपी घालून, दात काढून, स्वतःच्याच भाजलेल्या मांसाची थाळी पुढे करत होतं. पान जहाजाच्या तळाच्या कण्यावर बरोबर दुमडलं होतं. पुरुषांच्या बाजूला तोंड आलं होतं, बायकांच्या बाजूला शेपूट. वेटोळं घातलेलं.

"तू... तू चढवलंस ना रे हे?" एब्बेने घंटावाल्याचा कोट धरला. "तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. मला वाटलं, आचाऱ्याचं जहाज आहे, निशाण असेल."

एब्बेने कोट सोडला. त्याने खुंटही मनात पाहून टाकला, जन्मभराचा.

"उतरवता येईल?" त्याने बारीक आवाजात पाद्रीबाबांना विचारलं.

"प्रार्थना होऊन गेली, एब्बे. आता ते प्रवासाला निघालं."

सगळे कप्तानकडे बघू लागले. थॉर्किलने पुन्हा मान वर केली. यावेळी तो हसत नव्हता. नाळेच्या दोरापासून सुरुवात करून त्याने एकेक दोर, एकेक गाठ डोळ्यांनी चाचपली. कापणारे हात त्याने पाठीमागे धरले होते.

"दोर बरोबर आहेत," तो शेवटी पुटपुटला. "सगळे. मागचा तर मीही इतका नीट बांधला नसता."

"आणि... ते?"

"ते होय? ते पाण्यात आहे." कप्तानने टोपी घातली. "पाण्याखालचं कोण बघतंय?"

हल्ली एब्बे बाकावर बसतो, अगदी मधोमध. जहाजाबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही. पण दर रविवारी चर्चमधून बाहेर पडताना अख्ख्या गावाच्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं, खाटकाचं मांस दुपारच्या आत संपतं, आणि म्हातारे खलाशी एब्बेभोवती सरकून बसतात. डुकराची कातडी कुरकुरीत कशी करायची? मीठ आधी की नंतर? एब्बे सांगतो. अगदी हातवारे करून सांगतो.

परवा गुड्रुन तिथून जाताना क्षणभर थांबली.

"दोन हिवाळे माझं टेबल अडवलंस," ती म्हणाली. "त्यापेक्षा पहिल्याच दिवशी यांना डुक्कर भाजून वाढलं असतंस, तर निदान माझी भुवई तरी वाचली असती!"