शाबासकीचा फासा

सात महिने झाले तरी राक्षस मरायचं नाव घेत नव्हता. दर रविवारी दुपारी चार वाजता जेवणाचं टेबल पुसून त्यावर नकाशा पसरला जाई आणि घरातली चांगली शहाणीसुरती माणसं फासे टाकत त्या राक्षसावर तुटून पडत. खेळात लेक योद्धा होती. तिची आई, एरवी औषधांच्या दुकानात चष्म्यावरून बघत गोळ्या देणारी, जादूगारीण होती. खेळ चालवायचा मामा. तो कोर्टात स्टेनो, त्यामुळे टेबलावर कोण काय बोललं यावर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. शेजारच्या काकू शाहीर होत्या. आणि नेमका राक्षस अर्धमेला झालेला असताना काकू मुलीच्या बाळंतपणाला निघून गेल्या.

इकडे लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. हातात दोनच रविवार उरले होते, दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी तिची गाडी. त्याआधी राक्षस पडायलाच हवा होता. तो पडला की मोहीम फत्ते आणि खेळ संपला, मग ती मोकळ्या मनाने जाणार. अर्धवट टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. शाहिराविना तर भागणार नव्हतं, म्हणून बाबांना बसवायचं ठरलं.

बाबा म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमधले सर. बावीस वर्षं त्यांनी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. मंडळी पाठीमागे त्यांना हँडब्रेक म्हणत. त्यांनी कुणाला 'छान' म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि चुकून म्हटलंच तर पाठोपाठ 'पण आरसा कोण बघणार?' हे यायचंच. लेकही त्यांच्याकडे चार दिवस शिकली आणि पाचव्या दिवशी सायकल घेऊन निघून गेली. सरांना ते फार लागलं होतं. आता जाण्याआधी तिच्यासाठी काहीतरी धड करून दाखवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं.

पहिल्या रविवारी त्यांनी ते फारच मनावर घेतलं. शाहिराच्या हातात पेटी की वीणा, काहीतरी होतं. ते बाजूला ठेवून त्यांनी तलवार मागितली, सगळ्यांच्या पुढे धावत गेले आणि पहिल्याच फटक्याला बेशुद्ध पडले. पुढचा तासभर दोघी मायलेकी राक्षसाला सोडून सरांना उचलून नेत होत्या. राक्षसाने तेवढ्यात गमावलेली निम्मी ताकद भरून काढली.

"बाबा, शाहीर मारत नाही रे," लेक शेवटी म्हणाली. "जो मारतोय त्याला तो उभा ठेवतो. कोण खचलंय ते बघायचं आणि त्याने वार करायच्या आधी दोन शब्द बोलायचे. नंतर बोलून काय उपयोग?"

मामाने नियम सांगितला. शाहिराने कौतुक केलं की त्या गड्याला शाबासकीचा एक फासा जादा मिळतो. कौतुक मनापासूनचं हवं, दर वेळी नवीन हवं आणि त्याला सूचना चिकटवायची नाही. "'पण' आला की फासा बाद, भावोजी. लिहून घेतलंय मी."

सरांनी सहा वाजेपर्यंत प्रयत्न केला. 'वार झकास, पण कोपर खाली घे.' बाद. 'मंत्र उत्तम, पण जरा मोठ्याने म्हण.' बाद. आईने तर हात टेकले. बावीस वर्षांची सवय अशी बसल्या बैठकीला थोडीच सुटते?

मग सरांनी आठवडाभर कामावर सराव करायचं ठरवलं, आणि तिथे घात झाला. सोमवारी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई शिकायला आल्या. बाई सहा महिने दुसऱ्या गिअरच्या वर गेल्या नव्हत्या. सर म्हणाले, "स्टिअरिंग काय सुरेख धरलंय तुम्ही." बाईंनी चमकून बघितलं, मग ताठ बसल्या आणि तिसरा टाकला. सर पुढचं कौतुक शोधत बसले. 'पण' गिळायला त्यांना इतके कष्ट पडत होते, की त्या भरात पाय ब्रेकवर ठेवायचाच राहिला. गाडी वळणावर न वळता सरळ रोपवाटिकेत शिरली आणि जास्वंदीच्या अकरा कुंड्या आडव्या करून थांबली.

बाई आनंदाने खाली उतरल्या. तिसरा गिअर पडला, हे त्यांनी रस्त्यावरच्या दोघांना सांगितलंसुद्धा. रोपवाटिकेचा मालक हातात झारी घेऊन धावत आला. सर अजून सरावाच्या तंद्रीतच होते. कुंड्या किती देखण्या मांडल्या होत्या, असं ते त्याला कळवळून म्हणाले. मालक गोंधळला. त्याच्या कुंड्यांबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. अर्ध्या तासाने सर तिथून निघाले, तेव्हा तो माणूस गाडी शिकायला नाव नोंदवून मोकळा झाला होता.

गुरुवारपर्यंत गावभर झालं, की हँडब्रेक सुटला. सर 'छान' म्हणतात म्हणजे आपण तयार झालो, अशी सगळ्यांची खात्री पटली. सात जणांनी परीक्षेचे अर्ज भरले, आणि त्यातल्या एकाला अजून गाडी मागे घेता येत नव्हती. स्कूलच्या मालकीणबाईंनी सरांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, की तब्येत बरी आहे ना. सर म्हणाले, रविवारपर्यंत सांभाळून घ्या.

मात्र रविवारी सर तयार होते. तलवारीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बायको खचली की तिच्याआधी त्यांना कळत होतं. "तुझ्यासारखी शांत बाई मी पाहिली नाही," ते म्हणाले आणि थांबले. पुढे काहीच आलं नाही. मामाची पेन्सिल वर राहिली. जादूगारीण जरा लाजली, फासा मिळाला आणि राक्षसाचा डावा हात गेला. असं पाच वेळा झालं. लेकीचे डोळे चमकत होते. सरांना वाटलं, हे आपल्याला आधी का नाही जमलं? ती सायकलवरून निघून गेली नसती.

सहाला पाच मिनिटं असताना राक्षसात धुगधुगी उरली होती. सहा वाजता मामा उठायचा म्हणजे उठायचाच. वार लेकीचा होता आणि वीस बाजूंच्या फाशावर अठरा हवे होते.

"बोल बाबा," ती म्हणाली. "शेवटचं. मग संपलं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. दारात तिच्या दोन बॅगा बांधून ठेवल्या होत्या. आज राक्षस मेला, की पुढच्या रविवारी चार वाजता या टेबलाशी कुणालाच काम नव्हतं. गळ्याशी आलेले शब्द चांगले होते, आठवडाभर जपलेले होते.

"तू एकटी कुठेही गेलीस तरी मला काळजी नाही, इतकी खंबीर आहेस," सर म्हणाले. आणि एक श्वास घेऊन पुढे म्हणाले, "पण खांदा सैल सोड."

मामाने त्यांच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि लिहिलं. "बाद."

लेकीने फासा टाकला. सतरा पडले. शाबासकीच्या फाशावर नुसता एक आला असता तरी राक्षस कोसळला असता. मामाने घड्याळ पाहून वही मिटली.

आई उगीचच नकाशाच्या घड्या घालू लागली.

"आता फोनवरूनच मारावा लागणार त्याला," लेक म्हणाली. "रविवारी चारला. मी तिकडून फासे टाकीन."

"चारला मी मोकळाच असतो," सर घाईघाईने म्हणाले.

लेकीने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "शाहीर मस्त जमला तुला, बाबा," ती म्हणाली. "पण खोटं चुकायला अजून शिकायला हवंस."

"बाद," मामा म्हणाला आणि चपला शोधायला गेला.