म्हाताऱ्याचा बूट

डॉक्टर होते दातांचे, पण त्यांचा सगळा जीव सिनेमात! पेशंटने आ वासला, की यांचं सुरू, "जुना, संथ, काळा-पांढरा सिनेमा बघा हो! डोळे उघडतील!" दाढेत यंत्र घुसलेला माणूस वाद घालू शकत नाही. त्यामुळे सिनेमातलं आपल्याला सगळं कळतं, अशी डॉक्टरांची पक्की खात्री झाली होती.

लेकीने पसंत केलेला मुलगा आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच घरी येणार होता. डॉक्टरांनी जाहीर केलं, "त्यांना माझा सगळ्यात आवडता सिनेमा दाखवणार!"

"बाबा, हात जोडते, नको! ते वैतागले तर माझं लग्न राहील बाजूला!"

पण मुलाचे वडील निघाले त्याच पंथातले! त्यांचं घड्याळांचं दुकान होतं आणि घड्याळात सेल टाकता टाकता ते गिऱ्हाइकाला न विचारता दोन सिनेमे सुचवत. "हा सिनेमा? अहो, तोंडपाठ आहे मला!" ते म्हणाले.

"मला तर झोपेतही दिसतो!" डॉक्टरांनी सिनेमा लावला, खिडकी बंद केली आणि सोफ्यावर धपकन बसले. टीव्हीवर एक म्हातारा बूट काढायला वाकला होता. तो वाकलेलाच राहिला. लेक आणि मुलगा गच्चीत सटकले. विहीणबाई बसल्या बसल्या पेंगू लागल्या.

"काय ही शांतता!" डॉक्टर कुजबुजले.

"बूट नाहीच तो," घड्याळवाले म्हणाले. "त्याचं अख्खं आयुष्य आहे ते. निघता निघत नाही!"

हे आपल्याला का सुचलं नाही? डॉक्टर चरफडले. "आणि मागचा पंखा बघा. फिरतच नाही. काळ थांबलाय!"

"इथे मला दर वेळी रडू येतं." घड्याळवाल्यांनी खरोखरच रुमाल काढला. "शेवटपर्यंत असंच आहे, नाही का?"

"अगदी शेवटपर्यंत!" डॉक्टरांनी ठोकून दिलं.

इतक्यात बायको चहा घेऊन आली. "अहो, मी आधण ठेवलं तेव्हा हा वाकलेला होता. चहा झाला, भांडी घासून झाली. याची कंबर धरली की काय?"

"शू! कला आहे ती!"

"कला राहू द्या. रिमोट कुठाय? उठा बघू!"

रिमोट डॉक्टरांच्याच खाली दबला होता. बायकोने बटण दाबलं. म्हाताऱ्याने चटकन बूट उपसला, पंखा गरगर फिरू लागला आणि शेजारच्या कुत्र्याला बूट फेकून मारत म्हातारा रस्त्यावर धावत सुटला!

डॉक्टरांनी पेशंटसारखा आ वासला. घड्याळवाल्यांचा रुमाल डोळ्यांपाशीच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही कळून चुकलं. हा सिनेमा दोघांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता!

लेक दारात आली. दोघांचे चेहरे बघून तीही पांढरीफटक पडली. "बाबा! मोडलं का माझं लग्न?"

डॉक्टरांना वेगळीच चिंता पडली. हा माणूस बाहेर जाऊन बोलला तर? समोरच्या चेहऱ्यावरही तीच धास्ती होती.

"व्याहीबुवा!" डॉक्टर ओरडले. "पुढच्याच महिन्यात उरकून टाकू!"

"पुढचा महिना कशाला? या आठवड्यातच करू! घरातली गोष्ट घरातच राहिलेली बरी!"

लेकीने आनंदाने आईला मिठी मारली. त्या गलक्याने विहीणबाई दचकून जाग्या झाल्या. "अगंबाई! एका सिनेमाने लग्न जमलं? मग पहिल्यापासून लावा की पुन्हा!"

"नको!!" दोन्ही व्याही एका सुरात किंचाळले.