आक्कांच्या भिंतीमागील तळ्याची मोहीम

समस्त सभासद, भाडेकरू आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे धनी यांचे सेवेसी विदित व्हावे की, आपल्या वसाहतीच्या तळ्याचा काठ ढासळला, पाणी मोकाट सुटले, आणि मग ते कैसे जेरीस आणिले, याची हकीकत पुढे कोणी भलतीच सांगेल, सबब जैसे घडले तैसे, कोणाची भीड न धरिता कागदी घातले असे. वाचणारास हसू आल्यास त्याने ते आवरावे, कारण प्रसंग बाका होता.

वसाहत चार इमारतींची, मध्ये तळे, तळ्यास मातीचा काठ, आणि काठाचे अलीकडे तळमजल्यावर आक्कासाहेबांचा मुक्काम. त्यांचे स्वयंपाकघराची मागली भिंत पाण्यापासून दहा हात. कारभार अवघा राजमान्य राजश्री, अखंडित-पाणीपुरवठा-अलंकृत सेक्रेटरीसाहेब यांजकडे. हे आक्कासाहेबांचे धाकटे बंधू. आईबापांचे माघारी आक्कांनीच त्यांस याच घरी लहानाचे थोर केले, सबब अवघी वसाहत ज्यांस साहेब म्हणे त्यांस त्या बाळू म्हणत, आणि तेही भर सभेत.

या दौलतीचा रिवाज ऐसा की, काम लहान असो की थोर, शेवटास त्यावर नावांचा दगड बसविल्यावाचून ते पुरे जाहले ऐसे मानू नये. सायकलींचे पत्र्यास दगड, टपालपेट्यांस दगड, पिछाडीचे नळास दगड. त्या नळास पाणी कधी आले नाही, परंतु दगड रोज पुसला जाई. आठ वर्षांमागे तळ्याचे सुशोभीकरण जाहले, तेव्हा काठावर सिमेंटचा ओटा बांधून त्यावर काळाभोर कोरीव दगड बसविला. त्यावर तळ्याचा उल्लेख बोटभर अक्षरांत आणि साहेबांचे नाव वीतभर.

मग यंदा पावसाने तीन दिवस उसंत दिली नाही आणि तळे तुडुंब भरून पाण्याने आक्कासाहेबांचे पिछाडीस काठ ओलांडिला, आणि मातीस भगदाड पाडून दहा हातांचे अंतर चार हातांवर आणिले, आणि स्वयंपाकघराचे भिंतीस तडा गेला. आक्का मोठ्या हिशेबी. तड्याचे टोकाशी पेन्सिलीने रेघ ओढून त्या तारीख आणि वेळ लिहीत, मग भांडी घाशीत, आणि मग पुन्हा जाऊन पाहत. कमिटीने घर खाली करण्याची लेखी विनंती धाडिली, ती त्यांनी पिठाच्या डब्याखाली अंथरली. साहेब जातीने समजावण्यास गेले.

"मी हलणार नाही, बाळू," आक्का म्हणाल्या. "ह्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसून तू पाढे पाठ केलेस. मला सांभाळू नकोस, भिंत सांभाळ."

साहेब तैसेच कचेरीत आले आणि मसलत भरविली. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त प्रोफेसर यांनी प्रश्नाचे मुळाशी जावे ऐसा ठराव मांडिला, तो एकमते मंजूर जाहला, आणि मूळ कोठे आहे हे कोणास ठाऊक नसल्याने वाळूची पोती मागविण्याचे फर्मान सुटले. मग दीडशे पोती रचून मोर्चा बांधिला, साहेब छत्री घेऊन अग्रभागी उभे राहिले, फोटो निघाले. आणि गनीम दोन्ही बगलांनी पोत्यांस वळसा घालून मागे आला आणि आणखी एक हात माती घेऊन गेला.

तेव्हा लाचार होऊन प्लंबर पाचारिला. हा गृहस्थ खांद्यावर पान्यांची पिशवी घेऊन तळ्यास एक फेरी मारून आला आणि पायजम्यास हात पुसत उभा राहिला.

"साहेब, पाणी येतंय ते दिसतंय," तो म्हणाला. "जायचं कुठून?"

प्रश्न एवढासा, परंतु आठ वर्षांत कोणी विचारिला नव्हता. प्रोफेसरांनी चष्मा पुसला.

"दगडाखालून," आक्का दारातूनच म्हणाल्या. "झाकण आहे तिथे. मी तेव्हाच सांगितलं होतं. भाषण चाललं होतं, कोण ऐकतंय."

मग दप्तर आणविले, धूळ झटकिली, आणि उद्घाटनाचे दिवशीचे इतिवृत्त निघाले. खासा साहेबांचे वळणदार अक्षरांत लिहिले होते की, आक्कांनी काही सूचना केली, सूचनेबद्दल आभार मानण्यात आले, टाळ्या. उलगडा जाहला तो ऐसा की, काठाची माती भुसभुशीत, ओट्यास पक्की सपाट जागा पाहिजे, आणि अवघ्या काठावर पक्की सपाट जागा एकच, ती म्हणजे पाणी बाहेर जाण्याचे चेंबरचे झाकण. त्यावरच ओटा बांधिला. झाकण उघडेना, गाळ निघेना, चेंबरातील निचऱ्याचे नळाचा गळा आवळला गेला, आणि कोंडलेले पाणी आक्कांचे भिंतीवर चालून आले.

येथे साहेबांची सत्त्वपरीक्षा. दगडास धक्का न लाविता बगलेतून चेंबर साफ करावे ऐसा त्यांनी हुकूम दिला. प्लंबर म्हणाला, "नाही व्हायचं." हुकूम पुन्हा जाहला. मग त्याने लांब सळई घेऊन ओट्याचे बाजूने खोदिले आणि काठ आणखी एक हात खचला. साहेबांनी दुसरी तजवीज योजिली, की दगड अखंड उचलावा. त्यास कोणते यंत्र लागेल, ते कोणत्या फाटकातून येईल, यावर दुपारपर्यंत खल चालला. साहेब मान हलवीत होते, परंतु त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते, आणि शेवटी ते पाणी पिण्याचे निमित्त करून आक्कांकडे गेले.

भिंतीवर सकाळची रेघ होती, आणि तडा तिजपुढे दोन बोटे गेला होता. आक्कांनी पेन्सिल पुढे केली आणि साहेबांनी आपल्या हाताने नवी रेघ ओढून वेळ लिहिली. तेव्हा मनी आले की, आपले नाव राखावे म्हणून आपण सकाळपासून आक्काचे घर खर्ची घालीत आहो. मग ते चुळभर पाणीही न पिता उठले, प्लंबरचे हातून घण घेतला, आणि पहिला घाव आपल्या नावावर घातला.

चौथ्या घावास दगडाचे दोन तुकडे जाहले. ओटा फुटला, झाकण निघाले, प्लंबर कमरेस दोर बांधून आत उतरला, आणि बादलीमागून बादली गाळ वर येऊ लागला. मग तुटकी चप्पल, रबरी चेंडू, आणि सर्वांचे शेवटी तळ्यातून वाहत येऊन नळाचे तोंडी घट्ट गुंडाळलेली उद्घाटनाची लाल फीत निघाली. साहेबांनी ती ओळखली आणि निमूट खिशात घातली. त्यासरशी तळ्याने मोठा घोट घेतला आणि पाणी जाऊ लागले, ते संध्याकाळपर्यंत दोन वीत उतरले. साहेब चिखलातच मटकन बसले आणि प्लंबरने त्यांस आपला चहा दिला.

पुढे काठास तीन आठवडे लागले. उभा कडा मोडून उतार दिला, पायथ्याशी मोठे दगड रोविले, वर माती चोपून गवत लाविले, आणि झाकणास उचलावयाची कडी बसविली. मग पाऊस पुन्हा धो धो आला, तेव्हा साहेब रात्रंदिवस चेंबरपाशी छत्री घेऊन उभे. पाणी सरळ नळाने गेले आणि तडा पेन्सिलीचे रेघेपुढे गेला नाही. प्रोफेसरांनी या पराक्रमाचा दगड बसवावा ऐसे सुचविले. साहेबांनी ते फेटाळिले. वसाहतीचे इतिहासात हे प्रथमच घडले.

जुन्या दगडाचा नावाचा तुकडा आक्कांनी मागून घेतला आणि मागील दारी पायरी म्हणून बसविला. नाव खालचे अंगास असावे ऐसी साहेबांनी रदबदली केली.

"वरच राहू दे," आक्का म्हणाल्या. "अक्षरं खोल आहेत. पाय घसरत नाही."

येणेप्रमाणे तळे ताब्यात आले, काठ कायम जाहला, भिंत उभी राहिली, मोहीम फत्ते. सेक्रेटरीसाहेबांनी त्याच वळणदार अक्षरांत इतिवृत्ती नोंद केली ती ऐसी: आक्कांनी सूचना केली. तसे केले. टाळ्या नाहीत.