बोटीला सोयर नसतं

द्वारकामावशी रस्त्यात भेटल्या की आधी मनगट धरायच्या. नमस्कार, चौकशी, "कुठं निघालात", सगळं त्यानंतर. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ वर करून त्या समोरच्याची नाडी मोजायच्या आणि हात सोडताना म्हणायच्या, "जिवंत आहेस. चालू दे." आमच्या श्रीवर्धनात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस नव्हता. एकदा त्यांनी पूजेला निघालेल्या भटजींना भर रस्त्यात धरलं. भटजी सोवळ्यात होते. ते बिचारे पुन्हा आंघोळीला गेले आणि यजमान तिन्हीसांजेपर्यंत उपाशी राहिले.

मावशी मुंबईच्या एका इस्पितळात बाळंतपणं करून निवृत्त झालेल्या. भावाच्या रिकाम्या घरात एकट्या राहत. सुईणपण करणारी बाई म्हणजे कायमची ओवळी, असा गावाचा खाक्या. त्या लांबून दिसल्या की बायका हात पदराखाली घेत आणि पुरुष पाठीमागे. मावशींच्या ते लक्षातच येत नसावं, असं आम्हाला वाटे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्या आम्हा मुलींना सुपारी वाळवायच्या खळ्यात जमवायच्या. "तुमच्यातली एक जरी नर्स झाली तरी मी सुखानं मरेन," म्हणायच्या, "आणि खरंच मेले की नाही, ते तीच तपासेल." जुन्या धोतरांच्या पट्ट्या, चुलीवर उकळतं पाणी आणि बाळ म्हणून एक लाल भोपळा, एवढं आमचं सामान. भोपळ्याला न्हाऊ घालायचं, पुसायचं, दुपट्यात गुंडाळायचं. हातून निसटला की तो फुटायचा आणि त्याची भाजी व्हायची. खळ्यातून भोपळ्याच्या फोडणीचा वास आला की आज कुणाच्या तरी हातून बाळ पडलं, हे सगळ्या आळीला कळायचं. आणि कुणी काही विचारायला तोंड उघडलं की ठरलेलं उत्तर, "आधी हात धू, मग बोल."

त्या वर्षी मला सतरावं लागलं होतं आणि माझ्या हातून भोपळा पडायचा थांबला होता. मावशींनी मुंबईला माझ्या शिक्षणाची बोलणीही करून ठेवली होती. राहिला होता तो फक्त माझ्या वडिलांचा, अण्णांचा, होकार. अण्णा म्हणाले, "परक्यांची घाण काढायला मुलगी वाढवली नाय मी." गुरुवारी चौलचे पाहुणे मला बघायला आणि जमल्यास तिथल्या तिथं सुपारी फोडायला येणार होते. शुक्रवारी पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट होती. ती चुकली की पावसाळाभर मुंबई बंद, आणि तोवर मी चौलला कुणाच्या तरी घरी नारळ खवत बसलेली असणार.

बुधवारी सकाळी वहिनीला कळा लागल्या. दुसरं बाळंतपण, म्हणून ती आमच्याकडे, सासरीच होती. दादा नोकरीपायी मुंबईत आणि गावची सुईण खाडीपलीकडे गेलेली. दुपार झाली तरी सुटका होईना, तेव्हा अण्णाच मला म्हणाले, "जा, बोलव तिला." नाव त्यांनी घेतलं नाही.

मावशी आल्या त्या थेट माजघरात. "आधी हात धुवा, मग काळजी करा," असं त्यांनी अण्णांना बजावलं, आणि आयुष्यात कुणाचं न ऐकलेल्या अण्णांनी मुकाट्यानं हात धुतले. खोलीत शेगडीचा धूर कोंडला होता आणि खिडकीवर गोधडी टांगली होती. मावशींनी ती ओढून काढली.

"वारा लागेल हो तिला," आई म्हणाली.

"लागू दे. धुरानं अर्धी मेल्ये ती."

मुलगी झाली. रडलीही. बाहेर अण्णांनी सोडलेला सुस्कारा आम्हाला आत ऐकू आला. पण वहिनीचं रक्त थांबेना.

"अंबू, नाडी धर," मावशी म्हणाल्या. "माझे दोन्ही हात गुंतलेत. मोठ्यानं सांगत राहा."

वहिनीचं मनगट गार पडलं होतं. भोपळ्याला नाडी नव्हती, त्यामुळे वर्गात या प्रसंगाची तयारी झालेली नव्हती. "सापडत नाय, मावशी."

मावशी तिचं पोट दाबून चोळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आहे. शोध."

"सापडली. अगदी बारीक आहे."

"मग?"

"गेली. नाही, आहे. आहे."

आईनं बाळाला वहिनीच्या छातीशी लावलं. मावशींच्या कपाळावरचा घाम गादीवर टपकत होता. अण्णा दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि माझा शब्दन् शब्द ऐकत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग माझ्या बोटांखाली काहीतरी बदललं.

"भरत्ये, मावशी. नाडी भरत्ये."

"जिवंत आहे," मावशी म्हणाल्या. "चालू दे." आणि मटकन खाली बसल्या.

संध्याकाळी त्या मागीलदारी हात धूत होत्या. अण्णा लांबूनच म्हणाले, "चौलला निरोप धाडायला हवा. घरात दहा दिवस सोयर. बोलणी व्हायची नाहीत."

"बोटीला सोयर नसतं," मावशी म्हणाल्या.

मी तांब्यानं मावशींच्या हातावर पाणी घालत होते. अण्णा माझ्याकडे वळले. "आधी हात धू," म्हणाले, "मग ट्रंक काढ."

शुक्रवारी बंदरावर आळीतली बरीच माणसं आली होती. मावशी सगळ्यांपासून दूर, एकट्या उभ्या होत्या. आगबोटीकडे नेणारा पडाव लागला तशी मी त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी काही करायच्या आत त्यांचं मनगट धरलं. मावशींनी झटकन हात मागं घेतला, थेट आळीतल्या बायका घेत तसा.

"सवय नाय गो," त्या ओशाळून म्हणाल्या. "मीच धरत्ये सगळ्यांचे. आपणहून कोण देतो मला हात?"

म्हणजे मावशींना सगळं दिसत होतं. नाडीचं निमित्त नसतं, तर या बाईला वर्षानुवर्षं माणसाचा हात हातात मिळाला नसता. मी त्यांचं मनगट पुन्हा धरलं, घट्ट, अण्णांच्या आणि सगळ्या आळीच्या देखत.

पडाववाला हाका मारत होता.

"किती आहे?" मावशींनी विचारलं.

"अजून मोजत्ये."

"मग मोज सावकाश," त्या म्हणाल्या. घड्याळ त्यांनी वर केलं नाही.